माझ्यासाठी हटवा

“डोळ्यांनी आता साथ सोडली, बाळ. अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या दिसतात. पण हे तुझ्या-माझ्यातच राहू दे. वाचनालयात कळलं, तर रविवारचं वाचन दुसऱ्या कुणाला देतील; आणि त्यावाचून माझ्यापाशी उरलंय काय?”

लेकीसाठी एवढे बोलून गुरुजींनी बोट उचलले. फोन निर्विकारपणे वदला, “वाचकमंडळ. निरोप पाठवला.”

गुरुजींच्या पायांखालची जमीन सरकली. मंडळात बेचाळीस जण! त्यांनी घाईने तो निरोप दाबून धरला. फोनने दोन वाटा सांगितल्या : “सर्वांसाठी हटवा. माझ्यासाठी हटवा.”

चाळीस वर्षे संस्कृत शिकवलेल्या माणसाला ‘साठी’चा अर्थ का कुणी सांगावा? याचना स्वतःची, तीत सर्वांना ओढण्याचे प्रयोजनच काय?

“माझ्यासाठीच हटव रे बाबा,” ते काकुळतीने म्हणाले. निरोप नाहीसा झाला.

तरीही रविवारी वाचनालयाच्या पायऱ्या चढताना ते आतला कानोसा घेत होते. दारातच निवृत्त पोस्टमास्तरांनी हटकले, “गुरुजी, आज आवाज बेताने हं! मागच्या खेपेस माझी झोपमोड केलीत.”

हशा पिकला, अगदी नेहमीचा. गुरुजींचा जीव भांड्यात पडला.

“पाचवा सर्ग ना?” म्हणत ग्रंथपालबाईंनी जाडजूड ग्रंथ त्यांच्या हाती ठेवला. तो सर्ग गुरुजींना मुखोद्गत होता. नदी आली, नौका आली, वियोग आला. दर चार श्लोकांनंतर ते न चुकता पान उलटत होते. कुणी खोकलेसुद्धा नाही. अखेरच्या श्लोकाला पोस्टमास्तर चक्क नाक शिंकरताना ऐकू आले.

मंडळी पांगली. ‘निभावलं!’ गुरुजी मनाशी म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांनी पोटभर श्वास घेतला.

ग्रंथपालबाई जवळ आल्या. “पुढच्या रविवारी सहावा सर्ग?”

“अर्थात! ग्रंथ तेवढा काढून ठेवा.”

“तो बुधवारपासून बांधणीला गेलाय, गुरुजी.” त्यांच्या हातांतले ओझे हलकेच काढून घेत बाई म्हणाल्या, “आज तासभर तुम्ही आमच्या हजेरीबुकाची पानं उलटत होतात, आणि आम्ही सगळे बघत होतो. पुढच्या रविवारी हात मोकळेच असू द्या.”