नारळाआधी एक तास

"नारळ मागनं फोडा. आधी मला एक तास द्या," श्रुती म्हणाली, आणि उदयसिंहांच्या बेणेमळ्याच्या बांधावर जमलेली माणसं तिच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी या मळ्यातला ऊस तोडून बेणं म्हणून बारा गावांत लावायला जाणार होता. तपासणीला आलेले गणपतराव साहेब नेहमीप्रमाणे बांधावरूनच मळा पाहून मोकळे झाले होते. ऊस हिरवागार, बोट ठेवायला जागा नाही. साहेबांना फेटा, मळ्याला नारळ, सगळ्यांना चहा, की झाली तपासणी! पण गवताळ वाढीचा रोग पहिल्या वर्षी उसाच्या अंगात दबा धरून बसतो. डोळ्यांना दिसेपर्यंत तो गावभर झालेला असतो. श्रुतीने सहा वर्षं प्रयोगशाळेत डोकं खपवून त्याला पानाच्या रसातच पकडणारी चाचणी बसवली होती. ती रानात करता यावी म्हणून उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून जेवणाच्या डब्याएवढं यंत्र बनवून घेतलं होतं.

तिने यंत्राच्या वायरी जीपच्या बॅटरीला जोडल्या. एका नळीत मळ्यातल्या पानाचा रस घातला, दुसरीत प्रयोगशाळेतल्या निरोगी रोपाचा, आणि दोन्ही यंत्रात ठेवल्या. तासाभराने निरोगी रोपाची नळी नारिंगीच राहिली. मळ्याची हिरवी झाली.

"हिरवी म्हंजे रोग हाय," श्रुती म्हणाली. "हे बेणं द्यायचं न्हाय."

उदयसिंह हसले. "पिराजीची पोर न्हवं तू? बापाचं रान वीस गुंठं, आन आमच्या मळ्याला नावं ठेवतीस व्हय? बापाचं पान घाल की त्या डब्यात. बघू काय म्हणतोय."

गणपतराव तिच्या कानाशी आले. "मिटवा बाई. मशीन बिघडलं म्हणा, मी सही करतो."

श्रुतीच्या अंगाचा तिळपापड झाला. "मशीन ठणठणीत हाय, साहेब. आबा, आपल्या फडातलं पान आणा."

गर्दीच्या मागे उभा असलेला पिराजी बौद्धवाड्यामागच्या आपल्या तुकड्यातून पान घेऊन आला. पुन्हा एक तास गेला. चहा दोनदा फिरला. नळी हिरवी झाली.

बांधावर हशा पिकला. लेकीनं बापालाच रोगी ठरवलं, असं कुणीतरी ओरडलं. नळी मुठीत लपवावी असं क्षणभर श्रुतीला वाटलं, कारण बापाचं सारं वर्ष त्या उसात उभं होतं. तिला रडू आलं आणि त्या रडूचाच राग आला. तिने नळी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

"हिरवी हाय. आमचाबी फड उपटायचा. तुमचाबी."

"दोन्ही हिरव्या," उदयसिंह म्हणाले. "म्हंजे डबाच खोटा. गणपतराव, करा सही."

साहेबांनी पेन काढलं. तेवढ्यात पिराजी पुढे आला. जन्मभर या माणसाला सरकार म्हणणारा पिराजी आज त्याचं नाव घेऊन बोलला.

"डबा खरा हाय, उदयसिंहराव. माझं बेणं गेल्या साली तुमच्याच मळ्यातनं नेलतं. आन हितं जे हसत्यात, त्या समद्यांचंबी."