माइक टेस्टिंग

जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर दुरुस्त झाला की रेकॉर्डिंगचं बटण दाबून "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" म्हणून बघायची, ही सुदामची जन्माची सवय. आजही तो म्हणून गेला आणि मग त्याचं लक्ष रिळाकडे गेलं. मशीनवर त्याचं कोरं रीळ नव्हतं, कैनाडच्या जानीबाईंचं होतं. सुरुवातीचं तेवढं पुसलं गेलं होतं.

तेवढ्यात जानीबाई दुकानाची पायरी चढल्या. "झाला का रे चालू?"

सुदामने नुसती मान हलवली.

"लग्नातली गाणी हायत त्याच्यात, ती नको. सुरुवातीचं लाव. आमच्या म्हाताऱ्याचा लाऊडस्पीकर होता ना, गाणी भरायच्या आधी तो माइक तपासायचा. त्याचा आवाज तेवढाच राहिलाय बघ."

सुदामने रीळ मागे नेलं आणि बटण दाबलं. खरखर झाली.

"हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन..."

जानीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "हाच रे, हाच! परत लाव."

सुदामने रीळ पुन्हा मागे फिरवलं. आता त्यांच्यासमोर एक शब्दही बोलायची त्याला भीती वाटत होती.