सत्तुराचं शेपूट

हे सांगून कुणाला पटणार नाही, अशीच लोहाराची सुरुवात असायची, आणि खरंच कुणाला पटायचं नाही. तरी भट्टीसमोर उभ्या असलेल्या खाटकिणीला त्याने ते आज पुन्हा ऐकवायला घेतलंच.

"माझ्या आजोबांचा सत्तूर. सकाळी स्वतः घडवायचे, दुपारी त्यानंच मांस तोडायला बसायचे. एकदा घाव घातला, तर हाड तुटलं, खालचा ओंडका दुभंगला, ओंडक्याखालची फरशी गेली, आणि पलीकडच्या गल्लीत न्हाव्याचा आरसा तडकला. मूठ? जागची हलली नाही. का, तर पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड. दोन्ही अंगांनी लाकूड, मधे तीन रिव्हेट."

"मूठ हलली नाही," खाटकीण म्हणाली, "मग हादरा गेला कुठं, दादा?"

गोष्टीत मधेच प्रश्न आलेला लोहाराला खपत नसे. त्याने ऐकलंच नाही.

तिने उजव्या मनगटाची पट्टी सोडली. मनगट भिजल्या पावासारखं फुगलं होतं. तीन महिन्यांपूर्वी इथूनच नेलेला सत्तूर ऐरणीवर पडला होता. अखंड पोलादाचा, देखणा. गारठ्यात मूठ हातात धरवत नसे, आणि प्रत्येक घावाला झिणझिण्या थेट दाढेपर्यंत.

"मुठीत जाणारं शेपूट बारीक कर," ती म्हणाली. "करंगळीएवढं. तापवून लाकडात ठोकून दे. वजन पुढं जाऊ दे, म्हणजे पातं आपल्या भारानं पडेल. मला नुसतं उचलायचंय. हादरा लाकूड खाईल."

"आणि एक दिवस मुठीजवळ, मानेत मोडेल. पातं उडून गिऱ्हाइकाच्या मांडीवर. मग लोक विचारतील, सत्तूर कुणी केला?"

"मोडलं तर दुसरं करून घेईन. हे कुठं करून मिळतं ते सांग." तिने मनगट त्याच्या नाकासमोर धरलं.

"ताई, दीर आहे ना तुझा धडधाकट? तोडू दे की त्याला."

"तोही तेच म्हणतो. वहिनी, तुम्ही आता आरामात खुर्चीत बसा." तिने दिराचा गोड आवाज काढून दाखवला. "वीस वर्षं त्या ओंडक्यामागे मी उभी आहे. मी बसले की ओंडका त्याचा, दुकान त्याचं, आणि खुर्चीसुद्धा त्याचीच."

"पण बाईमाणसानं..." लोहार सुरू झाला, आणि तिचे डोळे बघून त्याने पुढचं गिळलं.

"कोळसा फुकट जळतोय," भट्टीचा पंखा फिरवत बसलेली लोहाराची म्हातारी आई म्हणाली. "तापवायचं तर तापव. नाहीतर गप्पा बाहेर जाऊन मारा."

"बारीक शेपूट मी करत नाही," लोहार म्हणाला. "आमच्या घरात कुणी केलं नाही."

खाटकिणीने सत्तूर बाजूला सारला आणि त्याच्या जागी आपला उजवा हात ठेवला, पालथा.

"मग मार घण. तुझा सत्तूर हेच करतोय, हप्त्याहप्त्यानं. एकदाच उरकून टाक."

हात तिने काढला नाही. ऐरण अजून गरम होती.

लोहाराचा हात घणाकडे गेला नाही. जीभ मात्र नेहमीच्या वाटेने गेली. "माझे आजोबा," त्याने आवाज चढवला, "ब्याऐंशी वर्षांचे होईपर्यंत त्याच सत्तुरानं तोडत होते. ज्या दिवशी गेले, त्या दिवशी सकाळीसुद्धा एका घावात..."

पंखा थांबला.

"मामंजींना शेवटची अकरा वर्षं मी भरवत होते," आई म्हणाली. "उजव्या हातात चमचा राहत नव्हता त्यांच्या."