दोन तक्ते

"पाच पूर्णांक चार. सात पूर्णांक नऊ. दहा पूर्णांक एक," लॅपटॉपमधला आवाज वाचत सुटला.

"ऐकलंस? नुसते आकडे ओततोय," बाबा म्हणाले. "कशाचे, ते विचारू नकोस!"

बाबांना दिसत नाही. स्क्रीनवरचं सगळं त्यांना हा आवाज वाचून दाखवतो. लॅबच्या साइटवरचा रक्ततपासणीचा तो तक्ता तिथेच नोकरीला असलेल्या लेकीनं बांधलेला. दिसायला एक, प्रत्यक्षात दोन, शेजारी शेजारी चिकटवलेले. तपासण्यांची नावं एकात, आकडे दुसऱ्यात. बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ऐकणाऱ्याची मात्र पार वाट लागते.

"मी वाचून दाखवते ना दर वेळी," ती म्हणाली.

"दाखवतेस की. 'सगळं ठीक आहे, बाबा.' झालं वाचन! म्हणून तर तुमच्या ऑफिसात रीतसर तक्रार ठोकली."

तक्रार सकाळी तिच्याच टेबलावर आली होती. साहेब म्हणाले, अर्ध्या तासाचं काम आहे, आजच उरकून टाक. ते अर्ध्या तासाचं काम ती कधीपासून "बघते, बघते" करत ढकलत होती. किडनीचा आकडा, क्रिएटिनिन, दर महिन्याला चढत होता. ते बाबांना सांगायची तिला भीती वाटत होती, दुसरं काय!

आता इलाज नव्हता. तिने दोन्ही तक्ते एक केले, प्रत्येक आकड्याला त्याचं नाव आणि महिना जोडला, आणि लॅपटॉप बाबांकडे सरकवला.

"क्रिएटिनिन, मार्च, पाच पूर्णांक चार. क्रिएटिनिन, एप्रिल, सात पूर्णांक नऊ. क्रिएटिनिन, मे, दहा पूर्णांक एक."

आवाज कुठेही अडखळला नाही.

"बाबा, मी सांगणारच होते..."

"कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहतं होय गं?" बाबा हळूच म्हणाले. "'सगळं ठीक' म्हणताना तुझा आवाज कापायचा. तेवढ्यावरून कळायचं मला."

"कळत होतं, तर मग तक्रार कशाला केली?"

"तुझी सुटका व्हावी म्हणून. एकटीनं किती दिवस ओढणार होतीस?" त्यांनी चाचपडत शेजारची खुर्ची जवळ ओढली. मशीनचा आवाज बंद केला. "ये, बस. आता तू वाच."

ती बसली. मार्चपासून वाचू लागली. आवाज कापत होता. बाबांनी तिला थांबवलं नाही.