दुपारचा भोंगा

दुपारचा भोंगा झाला आणि फकिराचे पाय बुटांत गेले. डोळ्यांवर झोप होती, पायांना मात्र ती माहीतच नव्हती. कारखान्याचा तो लांबलचक आवाज खुर्सीपार वस्तीच्या पत्र्यांवरून तरंगत आला, की त्याच्यासमोर कोक ओव्हनच्या भट्टीतला लाल कोळसा विझायला पाण्याखाली जायचा. त्यातून पांढराशुभ्र ढग उठायचा आणि त्या ढगातून फकिरा चालू लागायचा. आपण रिटायर होऊन वर्षं लोटली, हे त्याला संध्याकाळी आठवायचं. दुपारी कधीच नाही.

"अवो, कुठं चालले?" मथुराने स्वयंपाकघरातून विचारलं.

"ड्यूटीवर."

ती हात पुसून बाहेर येईपर्यंत तो गल्लीच्या टोकाला पोचला होता. त्याच्यामागे कोक्या धावत होता. गल्लीतलंच बेवारशी काळं कुत्रं, नाव तेवढं फकिराने ठेवलेलं.

त्या दिवशी ते दोघं रेल्वे फाटकापाशी सापडले. मालगाडी धडधडत चालली होती आणि फकिरा रुळांच्या इतका जवळ उभा होता, की वाऱ्याने त्याचा सदरा फुगला होता. ओळखीच्या दुकानदाराने हाताला धरून घरी आणलं.

संध्याकाळी बोरसीहून मुलगा आला, प्रवीण. येताना भलंमोठं कुलूप घेऊन आला.

"आई, अब तो ताला लावाच लागन. दुपारी बाबाले आत ठेवाचं. दुसरा काही रस्ता नाही."

"दिवाळीपर्यंत थांब," मथुरा म्हणाली. "माह्या जित्या माणसाले मी कोंडून नाही ठेवत."

फकिराला कुलूप दिसलं, पण ते कशासाठी हे उमगलं नाही. बायकोचे डोळे भरलेले दिसले. त्याचं मात्र त्याला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मथुरा त्याच्याजवळ येऊन बसली. "हा कोक्या भोंगा वाजला का रोडवर पळत सुटते. एखाद दिवस गाडीखाली येईन. तुमी प्लांटमधी एवढे पोट्टे शिकवले, याले शिकवा नं."

फकिराची पाठ ताठ झाली. शिकवणं हा त्याचा प्रांत. नव्याने भरती झालेल्या, धगीला बिचकणाऱ्या कितीतरी पोरांना त्याने भट्टीपुढे उभं राहायला शिकवलं होतं.

"मारू नोको त्याले," तो लगेच म्हणाला. "मारलं का भेव शिकते, काम नाही शिकत. बसला का तेव्हाच काहीतरी द्याचं. उशीर केला का त्याले समजतच नाही, कायचं भेटलं."

"अन् आणखी?"

"रोज तेच. तीच जागा, तोच शब्द. अन् शाब्बास म्हणाचं. त्याच्याबिगर कोणी शिकत नाही."

मथुराने मान डोलावली. पोळी आणि गुळाचा खडा घेऊन ती ओट्यावर आली.

भोंगा झाला. फकिराचे पाय बुटांकडे वळले, पण मथुराने कोक्याकडे बोट दाखवलं. गुरुजीच उठून गेले तर शिष्याने काय करावं? "बस," फकिरा म्हणाला आणि कसं बसायचं हे कुत्र्याला दाखवायला स्वतःच ओट्यावर टेकला. कोक्याही टेकला. फकिराने त्याला तुकडा दिला, पाठीवर थोपटलं. भोंगा अजून हवेत होता, तोच मथुराने फकिराच्याही हातावर गूळ-पोळीचा तुकडा ठेवला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. राबणाऱ्याला वाटा मिळायचाच.

मग साऱ्या दुपारी एकमेकींत मिसळत गेल्या. कोक्या हुशार निघाला, फकिराने गल्लीभर त्याचं कौतुक केलं. उन्हं पिवळी झाली, कोवळी झाली. भोंग्याचा आवाज यायचा, पांढरा ढग उठायचा, पण आता त्या ढगाला गुळाचा वास यायला लागला. कोळसा विझता विझता कुठेतरी बांगड्या किणकिणायच्या. तोंडाला पाणी सुटायचं आणि पाय आपसूक ओट्याकडे वळायचे.

दिवाळीच्या तोंडावर प्रवीण आला तो नेमका दुपारी. पिशवीत कुलूप होतंच.

भोंगा झाला. फकिरा ओट्यावर जाऊन बसला. मथुराने तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला.

प्रवीणने अंगणात पाहिलं. कोक्या पेरूच्या सावलीत गाढ झोपला होता. त्याचा कानसुद्धा हलला नव्हता.

"आई, कुत्ता तो सोया है. याले बाबानं भोंग्याले बसाचं शिकवलं म्हणत होती नं तू?"

"त्याले काय शिकवाचं रे?" मथुरा हळूच म्हणाली. "तो भोंग्याले कुठं पळे? तो तं तुह्या बाबाच्या मागं पळे."

हळूच म्हणाली, पण फकिराला ऐकू गेलं. गूळ जिभेवर विरघळता विरघळता थांबला. क्षणभर ढग विरला आणि त्याला सगळं लख्ख दिसलं. झोपलेलं कुत्रं. फळीवर धूळ खात पडलेले बूट. पोराच्या हातातली पिशवी, आणि आतलं ते कुलूप कोणासाठी होतं तेही. मथुराचा चेहरा उतरला होता. आपला नवरा आता चिडेल, या भीतीने ती पदराचं टोक पिळत होती.

फकिराला लाज वाटली. पण लाजेहूनही जास्त दाटून आली ती माया. ढग पुन्हा येणार, हे त्याला ठाऊक होतं.

त्याने उरलेला तुकडा मोडला आणि जराही उशीर न करता तिच्या हातावर ठेवला.

"शाब्बास," तो म्हणाला.