उराबेसाहेबांच्या दारातला पहारा

"गेला एकदाचा!" मोगीबाईंनी टोफू कापायची सुरी फळीवर आपटली. दुकानातल्या टीव्हीवर पंतप्रधान उराबे मान खाली घालून राजीनामा वाचत होते. चारही गिऱ्हाइकांनी टाळ्या पिटल्या. "निवडणुकीची वाटसुद्धा बघावी लागली नाही. सुंठीवाचून खोकला गेला! फुसाएकाकू, आज टोफू माझ्याकडून. तुमचे तर किती हाल केले मेल्याने."

ते खोटं नव्हतं. उराबेंनी म्हाताऱ्यांच्या देखभाल केंद्रांचे पैसे कापले, तेव्हापासून फुसाएच्या नवऱ्याला तिथे आठवड्यातून पाचाऐवजी दोनच दिवस घेत. फुसाएनेही टीव्हीसमोर बसून उराबेंना पोटभर शिव्या घातल्या होत्या. आज मात्र ती नुसती टीव्हीकडे बघत राहिली. हा माणूस खुर्चीवर टिकावा म्हणून देवापुढे हात जोडणारी साऱ्या जपानात बहुधा ती एकटीच होती.

कारण उराबे सरकारी निवासस्थानात राहायला गेलेच नव्हते. ते फुसाएच्या समोरच्याच घरात राहत, आणि त्यांच्या दारात चौकी ठोकून पोलीस नागुमो उभा असे. फुसाएचा नवरा इसाओ चाळीस वर्षं रेल्वेत होता. आता बायकोचं नाव विसरला, जेवलेलं विसरला, ड्यूटी तेवढी विसरला नाही. पहाटे दार उघडून निघायचा तो थेट डावीकडे, रेल्वेच्या फाटकाकडे. नागुमोने त्याला एकवीस वेळा परत आणलं होतं. एकदा तर घंटा वाजायला लागल्यावर, खाली येणाऱ्या दांडीखालून. फुसाएने दाराला अगदी वर कडी बसवून घेतली, तर हा गृहस्थ स्टुलावर चढला. वय वर्षं अठ्ठ्याऐंशी!

"काकू, तुम्ही हसत का नाही?" मोगीबाईंनी विचारलं.

"आता पोलीस जाणार."

"जाईना का! त्या भोंगे लावलेल्या गाड्याही जातील. निषेध ऐकून कान किटले. आता गल्लीला झोप तरी लागेल."

आठवड्याभराने चौकी ट्रकवर चढली. फुसाए भाताचे गोळे बांधून धावत बाहेर आली, तोवर नागुमो निघून गेला होता. दोन वर्षांत त्याने तिच्याकडून कधी घोटभर चहाही घेतला नव्हता. नियम म्हणजे नियम. निदान चार शब्द आभाराचे बोलायचे, तेही राहून गेलं. फुसाए त्या रिकाम्या जागेपुढेच कमरेत वाकली. डोळ्यांतलं पाणी तिला आवरेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला जाग आली तेव्हा शेजारचं अंथरूण मोकळं होतं. दार सताड उघडं. पायात काय घातलंय तेही न बघता ती डावीकडे धावत सुटली. फाटकाची घंटा वाजतच होती. गाडी धडधडत आली आणि गेली. तेवढ्या वेळात फुसाएने मनात काय काय पाहिलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

दांडी वर गेली. अलीकडच्या बाजूला दोन म्हातारे हातात हात घालून उभे होते. एक झोपेच्या कपड्यांत. दुसऱ्याची दाढी वाढलेली, केसांचा कलप उतरलेला, गुडघा फुटलेला.

"गाडी वेळेवर गेली, मास्तर," तो दुसरा सांगत होता. "चला, आता नाश्ता."

"पाच सेकंद उशीर," इसाओ म्हणाला, पण खूश होता.

दुसऱ्याने वळून नमस्कार केला, तेव्हा कुठे फुसाएने त्याला ओळखलं. ते उराबे होते. दोन वर्षं साठलेलं सगळं तिच्या ओठांवर आलं. मग तिची नजर इसाओच्या हाताकडे गेली. उराबेंनी तो अजून सोडला नव्हता.

"उपकार झाले, साहेब," ती खोल वाकून म्हणाली. "फार फार उपकार झाले."

उराबेही वाकले, राजीनाम्याच्या दिवशी वाकले होते त्याहून खाली.

"माझे नका मानू, काकू." त्यांनी खिशातून घडी केलेले दोन कागद काढले. "नागुमोने जाताना चार्ज दिलाय. काम कोणाच्या तरी हाती दिल्याशिवाय जागा सोडायची नाही, अशी पोलिसांची पद्धत. मास्तर सहाच्या आत निघतात. हात ओढायचा नाही, गाडीचं बोलायचं. सगळं टिपून ठेवलंय. वर मला म्हणतो, वाचा आणि खाली सहीचा शिक्का मारा. मी विचारलं, मीच का? तर म्हणे, साहेब, गल्लीत रिकामे आता तुम्ही एकटेच."

फुसाएला रडता रडता हसू फुटलं. उराबेही हसले. कागदांची घडी घालता घालता म्हणाले, "रोज पहाटे खिडकीतून नागुमोला बघायचो, काकू. वाटायचं, सगळा देश विरोधात गेला, पण हा एक माणूस तरी माझ्यासाठी उभा आहे."