डाव्या बाजूचं

"लंकाबाई, उद्या आपण काय काढणार आहोत? तुमच्या तोंडानं सांगा."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाई प्रत्येक पेशंटला हे विचारायच्या. नीट सांगता आलं नाही, तर ऑपरेशन पुढं ढकलायच्या. मग नातेवाईक कितीही आदळआपट करोत!

"गाठ," लंकाबाई म्हणाली. "सुपारीएवढी. हे म्हणले, दोन टाके पडतील, शेवंतीच्या तोडणीला घरी."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याकडं, गोरक्षकडं पाहिलं. गोरक्षनं पंख्याकडं. त्याला त्यांनी चित्र काढून सगळं समजावलं होतं, अन् 'तिला मीच सांगतो' असं तोच म्हणाला होता.

"काय सांगितलंत यांना?"

"सांगितलं की, बाई. ते... वरचं काढायचं म्हणून."

"वरचं तर डोकंही असतं, भाऊ! मी शेजारच्या खोलीत जाऊन येते. तोवर नाव घेऊन सांगा. काय जाणार अन् काय राहणार, हे त्यांना कळलंच पाहिजे."

त्या गेल्या. नाशकाच्या फुलबाजारात आडत्याशी घसा फोडून भांडणारा गडी, पण आता खिडकीशी जाऊन उभा राहिला. सायखेड्याच्या त्याच्या घरात तो शब्द कुणी कधी उच्चारला नव्हता, बायकांनी बायकांतसुद्धा. अन् खरं सांगायचं तर शब्दाची लाज थोडीच होती. तिचं तोंड उतरेल, ही भीती मोठी.

तो कॉटवर तिला लागून बसला.

"नुसती गाठ नाय, लंके. डावा स्तन काढणार हायेत. अख्खा. काखेतल्या गाठी बी."

लंकाबाईचा हात पदराखाली गेला अन् तिथंच राहिला.

"डावा स्तन," तिनं हळूच म्हणून पाहिलं. मग रडली. गोरक्षनं तिचा दुसरा हात धरून ठेवला. आपण आधीच सांगायला हवं होतं, असं त्याला फार वाटलं.

रडू ओसरल्यावर ती म्हणाली, "आपली हर्षाली लहानपणी यालाच प्यायची. दुसऱ्याला तोंड लावायची नाय. तुमाला काय ठाऊक म्हणा!"

"ठाऊक हाय."

"इश्श! कसं?"

गोरक्षचे कान तापले. "तू पदर घेऊन बसायची. पोरीचे पाय तेवढे बाहेर यायचे, दर वेळी एकाच बाजूला. मी वसरीत दोर वळत असायचो, तिथनं दिसायचे."

लंकाबाईनं डोळे पुसले. नवऱ्याकडं नव्यानंच बघावं तशी बघत राहिली.

"अन् मला येडीला वाटायचं," ती म्हणाली, "तुमचं ध्यान दोराकडं हाय."